राजाचा आवाज आणि राजधानीची बोली

दरबार भरलेला आहे. मंत्री माना खाली घालून बसले आहेत आणि राजा बोलत आहे. इतक्यात कोणाला तरी खोकला येतो. राजा थांबतो. आवाज न चढविता, एकेक शब्द तोलून तो विचारतो, की खोकले कोण? ज्याला खोकला आवरला नाही त्या दुर्दैवी अधिकाऱ्याला त्याची किंमत प्राण देऊन चुकवावी लागते. दक्षिण कोरियाच्या केबीएस या प्रसारणसंस्थेने २००० ते २००२ या काळात २०० भागांत दाखविलेल्या ‘तेजो वांग गॉन’ या मालिकेतील हा प्रसंग. दहाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या गुंग ये या राजाचे काम तीत किम योंग-चोल या नटाने केले होते. मालिका संपून वीस वर्षे उलटली, तरी कोरियातील तरुण मंडळी हा प्रसंग, चेष्टेने का होईना, एकमेकांना ऐकवीत असतात. त्या मालिकेतील लढाया आणि पोशाख लोक विसरले असतील. तो आवाज मात्र विसरलेले नाहीत.

ऐतिहासिक मालिकांना कोरियन भाषेत ‘सागुक’ असे नाव आहे. या सागुकचा प्रेक्षक कानाने मोठा चोखंदळ असतो. नटाचा चेहरा देखणा आहे, घोड्यावरची मांड पक्की आहे, डोळ्यांत पाणीही वेळेवर येते. तथापि ‘याला सागुकचा आवाज नाही’ असा शेरा एकदा बसला, की ती भूमिका सावरणे कठीण जाते. २०१२ मध्ये एमबीसी वाहिनीवर गाजलेल्या ‘सूर्याला कवेत घेणारा चंद्र’ अशा अर्थाच्या नावाच्या मालिकेत हेच घडले. नायिकेचे बालपण रंगविणाऱ्या मुलीची वाहवा झाली आणि तीच नायिका मोठी झाल्यावर तिचे काम करणाऱ्या नामवंत नटीवर मात्र टीकेचा भडिमार झाला. तिचे बोलणे आजच्या काळातले वाटते, त्या काळातले वाटत नाही, असा टीकाकारांचा सूर होता. मालिका लोकप्रिय झाली, तरी हा आक्षेप शेवटपर्यंत तिच्या पाठीस लागला.

येथे एक साधा प्रश्न उपस्थित होतो. ‘त्या काळातले’ बोलणे प्रेक्षकाने ऐकले कुठे? चौदाव्या किंवा सतराव्या शतकातील राजा कसा बोलत असे, हे ज्याच्या कानांनी कधीच अनुभवले नाही, तो इतक्या ठामपणे निवाडा कशाच्या आधारावर देतो?

क्रियापदात दडलेला मान

प्रथम हा आवाज घडतो कशाने, ते पाहिले पाहिजे. सागुकमधील राजा, सेनापती किंवा वयोवृद्ध राजमाता खर्जात बोलते. श्वास पोटातून येतो, स्वर लांबविले जातात, दोन शब्दांमध्ये भरपूर अंतर असते आणि वाक्याचा शेवट जड पावलाने जमिनीवर टेकल्यासारखा होतो. मराठी रंगभूमीवर ज्याला संवादफेक म्हणतात, तिचीच ही एक जात होय.

या संवादफेकीला कोरियन भाषेच्या रचनेचे एक सबळ कारण आहे. मराठीप्रमाणेच कोरियन वाक्यातही क्रियापद शेवटी येते. परंतु कोरियन भाषेत त्या क्रियापदाच्याही शेवटच्या प्रत्ययात, बोलणारा आणि ऐकणारा यांचे परस्परांशी नाते काय, हे नोंदलेले असते. राजापुढे विनंती करताना ‘हासोसो’ या धर्तीचा प्रत्यय, बरोबरीच्या किंवा थोड्या खालच्या व्यक्तीशी अदबीने बोलताना ‘हाओ’, आणि नोकराला हुकूम सोडताना ‘हेरा’. यांपैकी पहिले दोन प्रकार आजच्या बोलण्यातून जवळजवळ हद्दपार झाले आहेत. प्रार्थनेत आणि सागुकमध्ये ‘हासोसो’ शिल्लक आहे. ‘हाओ’ तर प्रामुख्याने सागुकनेच जिवंत ठेवला आहे.

याचा परिणाम उघड आहे. आजच्या शहरी कोरियन तरुणाची बोलण्याची लकब शब्दांची टोके गिळण्याची असते. सागुकमध्ये नेमके टोकच गिळून चालत नाही, कारण वक्ता कोणापुढे वाकला आहे आणि कोणाच्या डोक्यावर बसला आहे, हे त्या टोकावरच कळावयाचे असते. ज्या नटाचा श्वास वाक्य संपण्यापूर्वी संपतो, त्याचा राजा प्रत्ययापर्यंत पोहोचतच नाही. प्रेक्षक ‘आवाज नाही’ म्हणतो, तेव्हा त्याला पुष्कळदा हेच म्हणावयाचे असते, की या माणसाची पायरी कोणती हे त्याच्या बोलण्यावरून समजत नाही.

इतिहासाने न जपलेला आवाज

आता दुसरी बाजू. हा आवाज इतिहासातून आला, अशी जी सार्वत्रिक समजूत आहे, ती कितपत खरी? लेखी नोंदींच्या बाबतीत जोसॉन राजघराण्याइतकी दक्षता जगात फार थोड्यांनी दाखविली असेल. १३९२ ते १८६३ या ४७२ वर्षांच्या राजवृत्तांताला युनेस्कोने १९९७ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले. दरबारी इतिहासकार राजाची पाठ सोडीत नसत. १४०४ मध्ये तेजोंग हा राजा शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडला. उठल्याबरोबर त्याने आजूबाजूला पाहिले आणि ही गोष्ट इतिहासकाराला कळू देऊ नका, असे बजावले. इतिहासकाराने तो पडल्याची नोंद तर केलीच, शिवाय ही आज्ञाही नोंदवून ठेवली!

परंतु इतक्या काटेकोर वृत्तांतातही राजाचा आवाज नाही. राजा बोलत असे कोरियन भाषेत आणि लेखनिक लिहून घेत असे अभिजात चिनी भाषेत. वाक्य कानात शिरत असे एका भाषेतून आणि कागदावर उतरत असे दुसऱ्या भाषेतून. जे प्रत्यय आज सागुकचे प्राण समजले जातात, ते त्या भाषांतरातच गळून पडले.

कोरियन भाषेची स्वतःची लिपी राजा सेजोंग याने १४४३ मध्ये सिद्ध केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. तिच्या आरंभीच्या ग्रंथांत अक्षरांच्या डाव्या बाजूस बारीक ठिपके आढळतात. ठिपका नसेल तर स्वर खालचा, एक ठिपका असेल तर उंच आणि दोन असतील तर खालून वर चढणारा. याचा अर्थ असा, की सेजोंगच्या काळची कोरियन भाषा सुरांच्या चढउतारावर चालणारी होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे ठिपके ग्रंथांतून नाहीसे झाले आणि राजधानीच्या भाषेतून तो सुरांचा भेदही गेला. आज तो आग्नेयेकडील ग्योंगसांग आणि ईशान्येकडील हामग्योंग या प्रांतांच्या बोलींत वेगळ्या रूपात टिकून आहे. खुद्द सेजोंग उद्या सेऊलच्या चित्रपटगृहात येऊन बोलू लागला, तर त्याचे बोलणे प्रेक्षकांना धड समजणार नाही, आणि ज्यांना ते ओळखीचे वाटेल, ते बहुधा राजधानीबाहेरचे असतील.

मग हा खर्जातला, संथ, गंभीर आवाज आला कोठून? त्याचा उगम शोधावयाचा तर राजवाड्यापेक्षा ध्वनिमुद्रणगृहाकडे जाणे श्रेयस्कर. कोरियन माणसांचे आवाज मेणाच्या नळकांड्यांवर उतरले ते १८९६ मध्ये, तेही अमेरिकेत वॉशिंग्टन येथे, आणि ते होते गाणाऱ्या विद्यार्थ्यांचे. राजांचे आवाज लोकांपर्यंत पोहोचले ते विसाव्या शतकात, नभोवाणीच्या श्रुतिकांतून. नभोवाणीवर मुकुट दिसत नाही. तो नटाला गळ्यातच घालावा लागतो. चित्रपटांतही १९६० आणि १९७० च्या दशकांत चित्रण आधी आणि आवाज नंतर, अशीच रूढ पद्धत होती. पडद्यावर ओठ हलत ते देखण्या नायकाचे; बोलत असे तो पुष्कळदा माइकसमोर उभा असलेला, श्रुतिकांत मुरलेला कलावंत. दूरचित्रवाणीने ही मिळकत जशीच्या तशी वारसाहक्काने घेतली. आजच्या कोरियन प्रेक्षकाच्या कानात जो राजा बसला आहे, तो बहुतांशी आजोबांच्या रेडिओतून आलेला आहे.

कागदी नोटेचा व्यवहार

यावरून सागुकचा आवाज खोटा आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. कागदी नोटेच्या पाठीशी आज सोने नसते. ती चालते याचे कारण इतकेच, की आपण दिलेली नोट पुढचा माणूस घेईल, असा प्रत्येकाला भरवसा असतो. सागुकच्या आवाजाचे असेच आहे. त्याच्या पाठीशी इतिहासाचे सोने नसेल, पण नट, दिग्दर्शक आणि प्रेक्षक यांच्यातील परस्पर विश्वासावर तो चलनात राहिला आहे. अशा व्यवहारात नवख्या नटाचे नाणे वाजवून पाहिले जाते, यात नवल नाही.

चलनात बदलही होऊ शकतो, आणि तो झालेला आहे. दिग्दर्शक ली ब्योंग-हून यांनी १९९९ साली सुरू झालेल्या ‘हॉ जुन’ आणि पुढे २००३-०४ मधील ‘दे जांग गम’ या मालिकांतून संवाद हलके केले, वेग वाढविला आणि जुन्या प्रत्ययांचे ओझे कमी केले. त्यांचे नायक राजे नव्हते. एक वैद्य होता आणि दुसरी राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून वैद्यकीकडे वळलेली स्त्री. कामकरी माणसे कामाच्या भाषेत बोलू लागली, तेव्हा एरवी सागुककडे न फिरकणारा तरुण आणि स्त्रीवर्गही पडद्यासमोर येऊन बसला. नायक कोण, यावर आवाज ठरतो. आणि आवाज कोणता, यावर प्रेक्षक कोण येणार हे ठरते.

राजा शिवी देतो

या सर्व संकेतांना मोठा धक्का दिला तो २०११ मधील ‘खोल मुळांचे झाड’ या अर्थाच्या नावाच्या मालिकेने. विषय होता लिपीच्या निर्मितीचा आणि सेजोंगच्या भूमिकेत होते हान सुक-क्यू. त्यांच्या कारकीर्दीचा आरंभच मुळी केबीएसमधील ध्वनिकलावंत म्हणून झालेला. दरबारी खर्ज त्यांना सहज साधला असता. परंतु त्यांचा राजा हलक्या, मृदू आवाजात बोलतो, विनोद करतो, चिडतो आणि चक्क शिव्या हासडतो. कोरियन नाण्यांवरून आणि नोटांवरून घरोघरी पोहोचलेल्या लोकोत्तर पुरुषांपैकी एकाच्या तोंडी शिव्या! सामान्य माणसाच्या बोलण्याला लिपी देऊ पाहणारा राजा सामान्य माणसासारखा बोलला तर त्यात विसंगती कसली, असा युक्तिवाद त्या आवाजातच सामावलेला होता. प्रेक्षकांनी तो मान्य केला.

योगायोग असा, की अशा राजाला अनुकूल असा एक पुरावा त्यापूर्वी दोनच वर्षे उजेडात आला होता. १७७६ ते १८०० या काळात राज्य करणारा जोंगजो हा विद्वान राजा सागुकमध्ये नेहमी धीरगंभीर स्वरात बोलतो. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याची २९९ गुप्त पत्रे प्रसिद्ध करण्यात आली. ती त्याने १७९६ ते १८०० या काळात शिम ह्वान-जी या मंत्र्याला पाठविलेली होती, आणि हा मंत्री दरबारातील विरोधी गटाचा म्हणून ओळखला जाई. पत्रांत राजा कारस्थाने शिजवितो, इतर मंत्र्यांची शेलक्या शब्दांत हजेरी घेतो आणि एके ठिकाणी तर चिनी मजकूर लिहिता लिहिता, ‘सगळा सावळागोंधळ’ अशा अर्थाचा अस्सल कोरियन शब्द आपल्या लिपीत लिहून मोकळा होतो. मनातला नेमका भाव चिनीत मावला नाही, हे उघड आहे. ४७२ वर्षांच्या वृत्तांताने जे दिले नाही, ते या एका शब्दाने दिले. राजा बोलत असताना कसा वाटत असेल, याची पुसट चाहूल त्यात आहे, आणि ती सागुकच्या खर्जाशी फारशी जुळत नाही.

नोट छापण्याचा अधिकार

आतापर्यंतची चर्चा कलेपुरती होती. परंतु चलनाचा विचार करताना नोट छापण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे विचारावेच लागते, आणि तेथे प्रश्न सामाजिक होतो. सागुकमधील राजे, मंत्री आणि नायक बहुधा सेऊलच्या प्रमाणभाषेत बोलतात. प्रांतिक बोली वाट्याला येते ती सेवक, शिपाई, दरोडेखोर आणि विदूषकी ढंगाच्या पात्रांच्या. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. सिल्ला राज्याची राजधानी ग्योंगजू ही आजच्या ग्योंगसांग प्रांतात होती. जोसॉन घराण्याचा संस्थापक ई सोंग-गे हा हामग्योंगकडच्या सरहद्दीवर वाढलेला सेनानी होता. आज ज्या बोली प्रेक्षकाला गावंढळ वाटतात, त्या मुलखांतूनच राजे आले.

हे सत्य विनोदाच्या अंगाने प्रथम पडद्यावर आणले ते ली जून-इक यांच्या ‘ह्वांगसानबोल’ या २००३ मधील चित्रपटाने. सन ६६० मधील सिल्ला आणि बेक्जे या राज्यांची निर्णायक लढाई हा त्याचा विषय. चित्रपटात सिल्लाचे सैनिक ग्योंगसांगच्या बोलीत बोलतात आणि बेक्जेचे सैनिक जोल्लाच्या. जोल्लाकडे ‘गोशिगी’ असा एक शब्द आहे. नाव आठवले नाही, किंवा घ्यावयाचे नसले, की कोणत्याही गोष्टीला ‘ते हे’ म्हणावे, तसा त्याचा उपयोग. बेक्जेचा सेनापती याच शब्दात आदेश देतो, आणि सिल्लाचे हेर हा कोणता सांकेतिक शब्द असावा, याचा खल करीत बसतात. प्रेक्षागृह हसते, पण हसता हसता, इतिहासातील वीर सेऊलच्या बोलीत बोलत नव्हते, हे त्याच्या पदरात पडते.

विनोदाचा आधार न घेता हेच धाडस केले ते ‘जोंग दो-जोन’ या २०१४ मधील मालिकेने. तीत ई सोंग-गेचे काम यू दोंग-गन यांनी हामग्योंगच्या बोलीत केले. याच नटाने १९९६ ते १९९८ या काळातील ‘ड्रॅगनचे अश्रू’ या अर्थाच्या नावाच्या मालिकेत ई सोंग-गेच्या मुलाची, म्हणजे घोड्यावरून पडलेल्या त्या तेजोंगची भूमिका भारदस्त दरबारी आवाजात गाजविली होती. मुलाच्या भूमिकेत राजधानीचा आवाज आणि बापाच्या भूमिकेत सरहद्दीची बोली! राजधानीतील सरदारांच्या लेखी परका असलेला हा सेनानी तोंड उघडताच परका ठरतो, आणि त्याचे बंड केवळ सत्तेसाठी नसून अवहेलनेविरुद्धही आहे, हे प्रेक्षकाला न सांगता कळते. या भूमिकेची मोठी प्रशंसा झाली. बोलीमुळे राजाचे वजन घटते, या समजुतीला याहून चोख उत्तर देता आले नसते.

समजुतीचे मूळ सागुकमध्ये नाही. सागुक तिचा केवळ आरसा आहे. १९३३ मध्ये कोरियन भाषा मंडळाने लेखनाचे नियम ठरविताना, मध्यमवर्गीय समाजात वापरली जाणारी सेऊलची भाषा ही प्रमाण मानली. १९८८ च्या सरकारी नियमांत ‘मध्यमवर्गा’च्या जागी ‘सुसंस्कृत लोक’ आले. सेऊल कायम राहिले. बाहेरच्या प्रांतांत जन्मलेल्या कोट्यवधी लोकांनी याचा अर्थ काय घ्यावयाचा? पाठ्यपुस्तके आणि सरकारी कागदपत्रे प्रमाणभाषेतच असली पाहिजेत, या बंधनाला काही नागरिकांनी घटना न्यायालयात आव्हान दिले. २००९ मध्ये, म्हणजे जोंगजोची पत्रे प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते फेटाळले.

समान चलन असावे, याला अर्थशास्त्राचाच आधार आहे. त्याने देवघेवीचा खर्च वाचतो, आणि भाषेच्या बाबतीतही ते खरे आहे. आक्षेप आहे तो विनिमयाच्या दराला. जोल्ला किंवा ग्योंगसांगमधून सेऊलला आलेला तरुण नोकरीच्या मुलाखतीपूर्वी आपला हेल घालविण्यासाठी पैसे मोजून उच्चारांच्या वर्गाला जातो. सेऊलमध्ये जन्मलेल्याला हा खर्च नसतो. जन्माने मिळालेल्या बोलीवर बसविलेला हा एक कर आहे. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून त्याची चर्चा होत नाही. पडद्यावरचा राजा वर्षानुवर्षे एकाच बोलीत बोलत राहिला, की हा कर न्याय्य वाटू लागतो. सत्ता, शौर्य आणि विद्वत्ता यांचा आवाज असाच असतो, हे कानाला पढविले जाते. पुढे तोच कान मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसतो.

महाराष्ट्रातील प्रेक्षकाला या मालिका आता परक्या राहिलेल्या नाहीत. ‘दे जांग गम’ दूरदर्शनने २००६ मध्ये हिंदीत दाखविली होती, आणि आता तर कितीतरी सागुक घरबसल्या पाहता येतात. राणीला सर्वजण ‘मामा’ का म्हणतात, या पहिल्या गोंधळातून सावरल्यावर मराठी प्रेक्षकाला एक गोष्ट लवकर उमगते. इंग्रजी उपशीर्षकांत सर्वांना सरसकट एकच ‘यू’ मिळतो. पण ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या पायऱ्यांवर वाढलेला कान, पडद्यावर कोण कोणापुढे किती वाकले आहे, हे भाषा न कळताही ओळखू लागतो. प्रमाणभाषा आणि बोली यांचा वाद ज्यांच्या शाळेच्या वर्गात रोज घडतो, त्यांना तर या सागुकच्या आवाजामागचा प्रश्न समजावून सांगण्याचीही गरज नाही.

सागुकने खर्ज सोडावा आणि सर्व राजांनी शिव्या द्याव्यात किंवा बोलीतच बोलावे, असे कोणी म्हणणार नाही. चांगल्या संवादफेकीचा आनंद खरा आहे आणि तो टिकला पाहिजे. मात्र ‘राजा असा बोलत नसतो’ असे म्हणण्याची ऊर्मी येईल, तेव्हा ही खात्री आपल्याला कोणी दिली, हे प्रेक्षकाने स्वतःला एकदा विचारून पाहावे. इतिहासाने ती दिलेली नाही. गुंग येच्या दरबारात एका खोकल्याने शांततेचा भंग झाला आणि खोकणाऱ्याचा प्राण गेला. आजच्या दरबारात शिक्षा इतकी कठोर नसते. चुकीच्या हेलात बोलणाऱ्याकडे सर्वजण फक्त वळून पाहतात. पुष्कळांना गप्प बसविण्यास तेवढेही पुरते.